नकटी, रडकी आणि फिनलंडचे लांडगे

"लांडगा! त्यो बघा, आला लांडगा!"

कडूबाई मोबाइलकडे बोट करून ओरडत होत्या, आणि आवाज असा की बाहेर अंबड रोडवरून चाललेला उसाचा ट्रॅक्टर दोन्ही ट्रॉल्यांसकट थबकला. कोणी म्हणेल त्याचा टायर बसला होता. म्हणोत बापडे. मोबाइलच्या पडद्यावर आमचे अजितराव, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, वैशूचे यजमान, फिनलंडातल्या आपल्या घरामागे गुडघाभर बर्फात उभे राहून अतिशय सालसपणे सांगत होते की इथे लांडगे नाहीत, कधी नव्हते. आणि नेमका त्याच वेळी त्यांच्या पाठीमागून एक करडा, ताठ कानांचा, निळ्या डोळ्यांचा धटिंगण जीभ लोंबवत चालत येत होता.

"अहो, तो शेजाऱ्यांचा कुत्रा आहे," अजितराव म्हणाले.

"लांबून समदे लांडगे कुत्रेच दिसतेत," कडूबाई म्हणाल्या. त्यांनी मांडीवरची पोर उचलली, आत गेल्या आणि दाराला आतून कडी घातली.

संस्थेच्या मॅडमनी पेनाला टोपण लावलं. ज्या पेनाने आमचा शेवटचा अहवाल लिहिला जायचा होता, तेच ते पेन. वैशू माझ्याकडे वळली. लहानपणी मी तिची बाहुली विहिरीत पोहायला पाठवली होती, तेव्हाही तिने माझ्याकडे असं बघितलं नव्हतं.

तो कुत्रा मी रचलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते. मला ओळखणारे हसतील. पण मी रचला असता तर मांजर रचलं असतं, एवढी अक्कल मला आहे.

सोन्याचा पाळणा

माझी वेंगुर्ल्यात खानावळ आहे. तिथे सुरमईच्या कढीसोबत माझ्या गोष्टी फुकट मिळतात, आणि गिऱ्हाईक त्या निम्म्या करून, पुन्हा निम्म्या करून मगच घरी नेतात. त्यामुळे मी जालन्याला जाऊन आले म्हटल्यावर निम्म्या गावाने विचारलं, खरंच गेलतीस का. गेले होते. चांगली पायांनी गेले होते.

वैशू आणि अजितराव फिनलंडात असतात. मूल नव्हतं, ते दत्तक घ्यायचं ठरवलं, आणि मग दोन देशांच्या कागदांनी मिळून त्या दोघांना असं रडवलं की आमचा समुद्र त्यापुढे कमी खारट. शेवटी जालन्याच्या एका संस्थेतली अडीच वर्षांची मुलगी त्यांना मिळाली. मिळाली म्हणजे फोटोत मिळाली. सगळे कागद झाले होते, राहिला होता तो जिल्ह्याच्या साहेबांचा आदेश. आणि त्याआधी संस्थेचा अहवाल, की पोरीचं आणि आईचं कितपत जमतंय. तोवर वैशूने रोज सकाळी संस्थेच्या व्हरांड्यात येऊन बसायचं, पोरीशी ओळख करायची, आणि वाट बघायची. अजितराव आदेश निघाला की येणार होते. मी गेले ती वैशूला सोबत म्हणून. खरं तर पहारा म्हणून. कारण अशा कामात फसवणारे पावलोपावली भेटतात, असं मला बसमध्ये भेटलेल्या एका बाईने सांगितलं होतं. त्या बाईचाही मला संशयच आला होता.

जालना स्टेशनावर उतरलो तर एक व्हॅनवाला पुढे आला. सलीमभाई. मेंदी लावलेली दाढी, गळ्यात मफलर. सामान उचलत म्हणाला, "आवो खाला, जालना यानी सोने का पालना."

मी पिशवी परत ओढून घेतली. आम्ही पाळण्याच्या कामाला आलोय हे ह्याला कोणी सांगितलं? मी वैशूचा दंड धरला. वैशू म्हणाली, ताई, ती इथली जुनी म्हण आहे, व्यापाराचं गाव म्हणून म्हणतात. असेल. मी तरी त्या माणसाचा चेहरा आणि गाडीचा नंबर दोन्ही पाठ करून ठेवले. पुढे सगळे दिवस आम्ही त्याच्याच गाडीने फिरलो, ते त्याच्यावर नजर ठेवता यावी म्हणून.

बाकी गाव म्हणाल तर लोखंडाचे कारखाने, बियाण्यांच्या पाट्या आणि मोसंबी. मोसंबी इतकी की लॉजवरच्या बादलीतल्या पाण्यालाही तिचा वास येतो असं मला वाटायचं. पौषातली थंडी. आमच्याकडे थंडी म्हणजे पंखा एकवर करायचा. इथली थंडी चप्पल काढून घरात शिरते आणि अंथरुणात पाय पसरते. मासा मात्र विचारू नका. एका हॉटेलात ताटात आला, तो कधी वारला हे त्याचं त्यालाही आठवत नसावं. दुसऱ्या दिवसापासून मी बट्टी-वरणावर आले. बट्टी म्हणजे गव्हाचा उकडून तळलेला गोळा. पहिला घास जपून खाल्ला. एवढं तूप कोणी उगीच घालत नाही, म्हटलं, काहीतरी लपवायचं असणार. चार खाल्ल्या. काही सापडलं नाही.

व्हरांडा

कडूबाई या त्या संस्थेत मुलांना सांभाळणाऱ्या. सगळे त्यांना मावशी म्हणत, आणि तिथेच पहिली ठिणगी पडली, कारण मावशी होण्यासाठी मी राज्याच्या दुसऱ्या टोकावरून आले होते. माय मरो पण मावशी जगो म्हणतात, पण एका पोरीला दोन मावश्या जगल्या तर काय होतं ते म्हणीत नाही. म्हणून मी त्यांना कडूबाई म्हणायचं ठरवलं. पोटच्या पोरीचं नाव 'कडू' कोण ठेवतं, हाही संशय होताच.

पहिल्या दिवशी त्यांनी पोरीला कडेवर आणून आमच्यासमोर धरलं आणि म्हणाल्या, "ही बघा. नकटी हाय. रडकी हाय. हट्टी तर अशी, की दगूड बरा. खात न्हाई, झोपत न्हाई. इच्यासाठी तुमी साता समुद्रापलीकून आल्या?"

मी बघितलं. पोर अशी, की हापूसच्या पहिल्या पेटीतला वरचा आंबा. डोळे टपोरे, गालाला खळी. आणि ही बाई तिला नकटी म्हणतेय. मी मनात म्हटलं, कळलं. मालाला नावं ठेवून गिऱ्हाईक परतवायचं, ही युक्ती मी स्वतः मासळी बाजारात गेली तीस वर्षं वापरतेय. हिच्या मनात पोर दुसऱ्या कोणाला द्यायची आहे.

त्यात दुसरी भानगड. कागदावर पोरीचं नाव अन्विता. आणि ही बाई हाक मारते, "ए धोंडे, इकडं ये." अन्विता गेली कुठे आणि ही धोंडी आली कुठून? माझी खात्रीच झाली की पोर बदललेली आहे. फोटोत अन्विताच्या उजव्या कानामागे तीळ होता. म्हणून मी एक पेरू घेतला, रांगत रांगत पोरीच्या पाठीमागून गेले, आणि कान जरा पुढे वाकवला. पोर चावली. तीळ होता. दातही सगळे जागच्या जागी होते, त्याची खूण अजून माझ्या अंगठ्यावर आहे.

"सांगितल्तं ना, हट्टी हाय म्हून," कडूबाई म्हणाल्या. मला तर त्या मनातून खूश झालेल्या दिसल्या.

आणि वैशू? वैशू नुसती बसायची. पोर खांबाच्या आड, वैशू भिंतीशी. मी टाळ्या वाजवल्या, कावळा झाले, गाढव झाले, एकदा तर होडीही झाले. पोर आणखी आत पळायची. वैशू म्हणायची, ताई, गप बस. फिनलंडात माणसं बसस्टॉपवर एकमेकांपासून चार हात लांब उभी राहतात आणि बस येईपर्यंत एक शब्द बोलत नाहीत, ती सवय हिला लागलेली. मला वाटलं, अशाने पोर लग्नाला येईल तेव्हा जवळ येणार.

रिकाम्या हाताने बसवेना म्हणून वैशूने तिथल्या स्वयंपाकाच्या बायकांकडून तुरीच्या ओल्या शेंगा मागून घेतल्या आणि सोलायला लागली. तेव्हा जालन्यात जिकडे तिकडे तुरीच्या शेंगांचे ढीग. रोज सकाळी परात भरून शेंगा, परात भरून दाणे. मला वाटलं, झालं, इंजिनियर बाईकडून फुकट शेंगा सोलून घेतायत. मी तसं बोललेही. वैशूने मान वर केली नाही.

मग एका सकाळी खांबामागून एक हात आला, ढिगातली एक शेंग घेऊन गेला. वैशूने बघितलं नाही. थोड्या वेळाने हात परत आला आणि ती शेंग सोलून, दाणे खाऊन, साल परातीत टाकून गेला. वैशूने ते सालही सालांच्या ढिगात नीट ठेवलं, जसं काही कामाला लागलेली बाईच ती. दुसऱ्या दिवशी पोर परातीच्या पलीकडे बसली. त्यानंतर अलीकडे. आणि एक दिवस तिने दाण्यांची मूठ भरून वैशूच्या ओच्यात ओतली, वळली, आणि तिच्या दंडाला पाठ टेकून बसली. दार असावं आणि आपण टेकावं, तशी.

वैशूचे हात थांबले नाहीत. सोलत राहिली. फक्त शेंगा दिसेनाशा झाल्या होत्या तिला, कारण सालं दाण्यांत आणि दाणे सालांत पडत होते.

कडूबाई दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "रडकीला रडकी भेटली." आणि आत गेल्या. मला तेव्हा त्यांचा इतका राग आला की मी जेवले नाही. म्हणजे दुपारी.

जांब समर्थच्या वाटेवर

सुट्टीचा दिवस होता, संस्थेत जायचं नव्हतं. वैशू लॉजवर झोपून होती. मी म्हटलं, इतकं आलोय तर रामदासांच्या जन्मगावी जाऊन आदेशासाठी साकडं घालावं. सलीमभाईची व्हॅन काढली. तो अंकुशनगरावरून चालला. मी विचारलं, वाट वाकडी का? म्हणाला, "वहाँ साडू को मोटर का पार्ट देना है, खाला. बस, दो मिनट." साडू खरंच होता, पार्टही खरा होता. पण साखर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्यांमागे आम्ही असे अडकलो की मी पुढच्या ट्रॉलीतला एक ऊस ओढून अख्खा खाल्ला, तरी आम्ही त्याच पुलावर. हवेत मळीचा असा गोड-आंबूस वास, की नुसत्या श्वासाने माझी साखर वाढली असणार.

जांबला देवळात शांत होतं. मी समर्थांना म्हटलं, महाराज, तुम्ही लग्नातून पळालात, तुम्हाला संसाराची घाई नव्हती. आम्हाला आहे. एवढं बोलून बाहेर आले.

परतताना अंबडच्या अलीकडे सलीमभाईने ओळखीच्या शेतावर गाडी घातली. हुरडा चालला होता. गोवऱ्यांच्या आरात ज्वारीची कोवळी कणसं भाजायची, हातावर चोळायची आणि गरम दाणे लसणाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. अशी चव, की आमच्या खानावळीतली कोळंबी क्षणभर मला परकी वाटली. भोवती दहाबारा बायका. त्यांनी विचारलं, कुठल्या, काय काम. सलीमभाईनेच सांगून टाकलं. मग एक म्हातारी सुस्कारा टाकून म्हणाली, "कुठं नेऊन टाकतील लेकराला, कोणाला ठावं."

आता मला सांगा, मी गप्प बसायचं? एक बाई पोरीला नकटी म्हणते, दुसरी नेऊन टाकतील म्हणते. मी हुरड्याचा बकणा भरला आणि सुरू झाले. घर म्हणजे असं, की एका खोलीतून दुसरीत जायला घोडा लागतो. बर्फ इतका, की छपरावरून घसरत थेट शाळेच्या वर्गात. सहा महिने रात्र, पण गावभर असे दिवे की सूर्याला लाज वाटावी. आणि संध्याकाळ झाली की रानातले लांडगे दाराशी येऊन बसतात. आमचे अजितराव बाहेर जाऊन एकेकाच्या तोंडात भाकरी घालतात, आणि लांडगे शेपूट हलवत परत जातात. एवढा माणसाचा दरारा.

बायका चोळायच्या थांबल्या होत्या. सलीमभाईचा चहा तसाच हातात. मला वाटलं, बसला शिक्का. माझ्या गावात असं सांगितलं असतं तर कोणीतरी म्हटलं असतं, अगं, लांडग्याला भाकरीबरोबर सुकटही घालतात का. इथे कोणी काही म्हटलं नाही. जालन्याकडची माणसं समोरच्याचं बोलणं निम्मं करत नाहीत, हे मला ठाऊकच नव्हतं. ती अख्खं घेतात आणि अख्खं घरी नेतात.

लांडगे गावभर

दुसऱ्या सकाळी आम्ही संस्थेत गेलो तर परात रिकामी, खांब रिकामा. पोर आत, कडूबाईंच्या मांडीवर. मॅडम बाहेर आल्या. चांगल्या बाई, पण चेहरा उतरलेला. म्हणाल्या की मावशी सकाळपासून हटून बसल्यात, म्हणतात घरात लांडगे येतात तिथे लेकरू देणार नाही. मॅडम पुढे म्हणाल्या, मला माहीत आहे की असं नसणार. पण ज्या घरी मूल जाणार तिथल्याबद्दल सांभाळणाऱ्या बाईने अशी शंका काढली, तर ती डोळ्याआड करून मला अहवाल पुढे पाठवता येणार नाही.

अहवाल नाही तर आदेश नाही. वैशूची सुट्टी तर पाण्यातल्या मिठासारखी सरत चाललेली. आणि अहवाल अडकला तर संस्थेवरच्या समितीपुढे सगळं पहिल्यापासून.

मी सलीमभाईला स्टेशनावर गाठलं. मला वाटायचंच, हा कोणाचा तरी हेर आहे. निघाला बदनापूरचा, कडूबाईंच्या गल्लीतला, भिंतीला भिंत. म्हणाला, "मैंने तो तारीफ में बोला, खाला. के क्या डेरिंगवाला बाप मिला है बच्ची को."

मग मी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. कडूबाईंसमोर उभी राहिले आणि म्हटलं, लांडगे नाहीत. मी थाप मारली होती.

"आता थापा मारून राह्यल्या तुमी," कडूबाई म्हणाल्या.

खरं बोलण्याचा एवढाच उपयोग होणार असेल तर माणसाने ते शिकावं तरी कशाला? म्हणून वैशूने अजितरावांना फोन लावला, त्यांनी दार उघडून मागचं अंगण दाखवलं, आणि पुढे काय झालं ते तुम्ही वाचलंच आहे.

त्या दुपारी वैशू माझ्याशी एकच वाक्य बोलली. "ताई, ती टेकून बसली होती."

बदनापूर

कडूबाईंची सुट्टी होती त्या दिवशी मी सलीमभाईच्या गाडीत बसले आणि म्हटलं, ने. बदनापूर जवळच. स्टेशनामागे त्यांचं घर. पत्र्याचं, सारवलेल्या अंगणाचं, दारात मोसंबीचं एक झाड. कडूबाई चुलीपुढे भाकऱ्या थापत होत्या. त्यांचे यजमान, शेतीच्या संशोधन केंद्रावर मजुरी करून आता घरी बसलेले, खाटेवरून उठले आणि मला बसायला दिलं. कडूबाईंनी तोंड फिरवलं. पण ताट वाढलं. इथे भांडण भांडणाच्या जागी आणि ताट ताटाच्या जागी. आमच्याकडे भांडण असलं की आधी सोलकढी पातळ होते.

येसराची आमटी होती. धान्य आणि मसाला भाजून दळून ठेवतात, त्याची. मी आधी वास घेतला, मग थोडी जिभेला लावली, मग दुसऱ्यांदा मागून घेतली.

तेवढ्यात कडूबाईंची नात रांगत आली. वर्षाची असेल. गुबगुबीत, गालावर लोण्याचा हात फिरवल्यासारखी. मी म्हटलं चला, इथून सुरुवात करू, नातीचं कौतुक केलं की आजी विरघळते. "काय देखणी आहे हो! चंद्राचा तुकडा. असं बाळ मी उभ्या कोकणात बघितलं नाही."

सून धावत आली आणि बाळाला पदराखाली घेतलं. कडूबाईंनी भाकरी तव्यावर तशीच टाकली, डब्यातून मीठ-मोहऱ्या काढल्या, बाळाभोवती ओवाळून चुलीत फेकल्या. मोहऱ्या तडतडल्या. मग माझ्याकडे वळून, माझ्यावर खटला चालू असल्यासारख्या म्हणाल्या, "कुठली देखणी? नकटी हाय. रडकी हाय. हट्टी हाय नुसती."

तेच तीन शब्द. माझ्या हातातला घास हातात राहिला.

दृष्ट आमच्याकडेही काढतात. पण आधी तोंडभरून कौतुक करायचं, मग काढायची. इथे कौतुक दारातच अडवतात. मी हळूच विचारलं, हिचं नाव काय?

"कागदावर वैष्णवी," सून म्हणाली. "घरात दगडी."

खाटेवरून यजमान म्हणाले, "इचं बी तसंच. इच्या अगुदर तीन लेकरं गेल्ती तिच्या मायची. म्हून हिला कडू म्हणलं. कडू कोण नेतंय?"

कडूबाईंनी करपलेली भाकरी उलटली. मी ताटाकडे बघत बसले. व्हरांड्यातलं सगळं डोळ्यापुढून गेलं. धोंडी, नकटी, रडकीला रडकी भेटली. बाई पोरीला परतवत नव्हती. पोरीभोवती कुंपण घालत होती. आणि मी त्या कुंपणावर फिनलंडचे लांडगे सोडले होते.

आता थापा मला येतातच. फक्त या वेळी उलट्या दिशेने मारायच्या होत्या.

"कडूबाई," मी म्हटलं, "काय सांगू तुम्हाला? माझ्या बहिणीचं घर म्हणजे खुराडं. उन्हाचं नख दिसत नाही. तिला भात येत नाही, एकदा कच्चा, एकदा करपलेला. नवरा घोरतो. आणि लांडगा त्या घरी यायला काय वेडा आहे? उपाशी मरेल."

कडूबाईंचे हात पिठावर थांबले. "घोरतो?"

"भिंती हलतात."

"पितो का?"

"वरण. ताटाला तोंड लावून."

"बाई मारकुटी हाय का?"

"तिला डास मारवत नाही."

कडूबाईंनी डोळे बारीक केले. "ही तर तारीफ झाली."

मी जीभ चावली आणि सावरलं. "डास मारवत नाही एवढी नेभळट आहे हो. पोर डोक्यावर मिऱ्या वाटेल तिच्या."

कडूबाईंनी नवी भाकरी थापायला घेतली. मग म्हणाल्या, "मंग हे अगुदर सांगायचं ना."

त्यांना माझं पटलं, की माझ्या थापांची निदान जात त्यांना ओळखीची वाटली, हा संशय मला आजही आहे.

पालना हलला

दुसऱ्या दिवशी कडूबाई स्वतः मॅडमसमोर गेल्या. "लांडगे न्हाईत. खुराडं हाय, बाई नेभळट हाय, गडी घोरतो. देऊन टाका बिलकुल." मॅडम जालन्याच्याच, त्यांना बरोबर समजलं. त्या बोलण्याचं सरकारी मराठीत त्यांनी काय केलं ते मला ठाऊक नाही, पण पेनाचं टोपण निघालं.

व्हरांड्यात पोर पुन्हा खांबामागे गेली होती. वैशूने तक्रार केली नाही, मला टोमणा मारला नाही. परात मागवली. पहिल्यापासून. शेंगांचा हंगाम सरत आला, दाणे टणक झाले, तरी बसून राहिली. मीसुद्धा शेवटी तिच्या शेजारी बसले आणि तोंड बंद ठेवून सोलू लागले. माझ्या ओळखीचं कोणी तिथे असतं तर त्याने डॉक्टर बोलावला असता. पाठ टेकायला पोरीला या वेळी पहिल्यापेक्षा जास्त दिवस लागले. पण टेकली ती उठली नाही. तिथेच झोपली.

आदेश आला. अजितराव आले, आणि कडूबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत असं निरखलं की ते बिचारे आपण होऊन म्हणाले, हो, मी घोरतो. निघायच्या दिवशी संस्थेतल्या बायकांनी वैशूची ओटी भरली. कडूबाईंनी काजळाचं बोट घेतलं आणि पोरीच्या गालावर तीट लावली. तीट कसली, अर्धा गाल रंगवला. "जा, नकटे," म्हणाल्या आणि भांडी घासायला आत गेल्या. भांडी सकाळीच घासून झाली होती, ती मी पाहिली होती.

मी वेंगुर्ल्याला परत आले. पावसाळ्याच्या तोंडावर खानावळीत फोन वाजला. सलीमभाईचा नंबर, आवाज कडूबाईंचा.

"कशी हाय?"

आदल्या दिवशीच वैशूने व्हिडिओ पाठवला होता. तो शेजाऱ्यांचा करडा कुत्रा अंगणात आडवा, पोर त्याच्या पोटावर डोकं ठेवून दोन भाषांत गाणं म्हणतेय, गाल वर आलेले, आणि मागून वैशू तिला हाक मारतेय, धोंडे, जेवायला ये. हे सगळं माझ्या तोंडात गरम भातासारखं भरलं होतं. पंगतीत बसलेली चार गिऱ्हाइकं हात थांबवून माझ्याकडे बघत होती. मी गिळलं.

"नकटी तशीच आहे," मी म्हटलं. "रडकी. हट्टीपणात भर पडलीय. आणि शेजारी एक मरतुकडं कुत्रं आहे, ते दिवसभर हिच्या मागे."

पलीकडे स्टेशनातून गाडी जात होती. ती त्यांनी जाऊ दिली.

"बराबर हाय," कडूबाई म्हणाल्या.